न दुखणारी जखम

दाराला आतून कडी होती, खिडक्यांना गज होते. तरीही सकाळी फरशीवर रक्ताची पावलं होती, स्वयंपाकघरापासून थेट उस्ता मुतवल्लींच्या पलंगापर्यंत.

बहिया शतवी त्या पावलांपाशी उकिडवी बसली. वीस वर्षं पोलिसांच्या प्रयोगशाळेत काढून आता ती इजिप्तमधल्या दमिएत्तात खाजगी तपासाची कामं घेत असे; उस्तांनीच फोन करून तिला बोलावलं होतं. तिचा मावसभाऊ फिक्री, भूगोलाचा निवृत्त मास्तर, दारातच थबकला होता. रक्त पाहिलं की त्याला घेरी येई.

"खुनी पलंगापर्यंत गेला आणि परत फिरलाच नाही," तो कुजबुजला. "म्हणजे अजून इथेच आहे!"

"आहे खरा. सगळी उजवीच पावलं उमटलीत. उस्ता, पांघरूण काढा."

उस्ता भीतीनं पलंगावरून उतरलेच नव्हते. साठीचा धिप्पाड माणूस, गावातला सगळ्यात नावाजलेला लाकूड-कोरक्या, म्हणून सगळे त्यांना उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. त्यांनी पांघरूण सारलं. उजव्या टाचेत काचेचा बोटभर तुकडा रुतला होता.

"काल रात्री पाणी प्यायला उठलो, पेला फुटला होता," ते अडखळत म्हणाले. मग टाचेकडे बघत राहिले. "दुखत नाहीये. बाई, हे दुखत का नाहीये?"

त्यांनी बहियाचं मनगट धरलं. पकड एवढी जबर की तिला कळ आली. तळव्यावर छिन्नीच्या मुठीनं पाडलेला खोल घट्टा होता.

"हा घट्टा किती वर्षांचा?"

"चाळीस. दीड वर्षापूर्वी तिथूनच सुरुवात झाली. या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आल्या, बस्स. मग काही महिन्यांनी दोन्ही पाय गेले. कापसावर चालल्यासारखं वाटतं. कधी निखारे ठेवल्यासारखी आग होते. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. परवा मशिदीच्या वाटेत चप्पल निघून पडली, ते मला लोकांनी सांगितलं."

"डॉक्टर?"

"साखर ठीक. शिसं नाही, सोमल नाही. विजेचा चटका देऊन तपासलं आणि म्हणाले, स्पर्शाच्या नसा मरतायत, कारण कळत नाही. कुठलं औषध घेता, विचारलं. मी? आई गोळ्या खाताखाता गेली, तेव्हापासून मी गोळीला हात लावलेला नाही." त्यांचा आवाज खाली आला. "गेल्या हिवाळ्यात चार महिने अस्वानला मशिदीचं मिंबर, इमामाचं व्यासपीठ, कोरायला होतो. तिथे हळूहळू उतार पडला. घरी आलो आणि परत सुरू. आता सांगा, विष कुठे आहे? उद्या मी पोलिसांत अफाफचं नाव देणार आहे."

दाराआड कुणीतरी हुंदका गिळला.

अफाफ, उस्तांची बायको, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. तिच्यामागे पितळी खलबत्ता होता. त्याच्या कडेला पांढरी पूड चिकटलेली.

"यात काय कुटता?"

"वेलदोडे."

"पांढरे?"

अफाफचा चेहरा उतरला. "चहा मीच करते. तो पितो आणि पिताना माझ्याकडे असा बघतो, जशी मी साप आहे. आता तर अंडी उकडून स्वतःच सोलून खातो. हाताला मुंग्या आल्या तेव्हापासून माझ्याकडून होईल ते सगळं मी करतेय, बाई. तरी तो मरतोच आहे."

धाकटा भाऊ सब्री खालच्या कारखान्यात होता. सकाळचा फूल, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याचा वाडगा, उस्तांना तोच आणून देई. बहियानं बुटाच्या टोकानं भुसा हलवला. त्यात तांबड्या कॅप्सूलची दोन रिकामी टरफलं निघाली.

"कुणा गिऱ्हाइकाची असतील," सब्री घाईघाईनं म्हणाला.

"भाऊ गेला तर कारखाना तुझा," फिक्रीनं आवाज चढवला.

"कसला कारखाना, मास्तर? त्याच्या गुलाबासाठी लोक कैरोहून येतात. मी पान कोरलं तर लोक विचारतात, हा मासा आहे का? तो उठला नाही तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

वरच्या मजल्यावर उस्तांची थोरली बहीण राही, हज करून आलेली म्हणून हाज्जा नफीसा. उस्तांना संध्याकाळचं दूध तीच पाठवी. बहियानं पातेल्यातलं घोटभर चाखलं. मध भरपूर होता, पण मधाखाली जीभ कडू झाली.

"मुतवल्ली पहिल्यापासून हट्टी," म्हातारी म्हणाली. "त्याला सांगून काही पोटात जात नाही. न सांगता जातं."

जिन्यात फिक्रीनं बहियाची बाही ओढली. "म्हातारीनं तर कबूलच केलं! पण मग खलबत्ता? आणि टरफलं? तिघांपैकी एक कोण?"

बहियानं उस्तांच्या डॉक्टरांना फोन लावला, पाच मिनिटं बोलली. मग तिघांनाही वेगवेगळं गाठून एकच निरोप दिला: जे लपवलंय ते दुपारी घेऊन या, नाहीतर पोलीस येऊन शोधतील.

दुपारी उस्तांच्या पलंगावर तीन खोकी पडली. एक निळं, एक तांबडं, एक हिरवं. आणणाऱ्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू पण?" सब्री वहिनीला म्हणाला.

"बघा! तिघांचा कट!" उस्ता ओरडले. ते उठायला गेले आणि कोसळता कोसळता त्यांना फिक्रीनं सावरलं.

"बसा, उस्ता," बहिया म्हणाली. "माझा विचार आधी तुमच्या पकडीपाशी अडला. पायांखालची जमीन कळत नाही, पण हातातली ताकद शाबूत. म्हणजे मार फक्त स्पर्शाच्या नसांवर. सुरुवात एका हाताच्या दोन बोटांत झाली, आणि पुढे एकदम दोन्ही पाय. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला त्या घट्ट्याचा. छिन्नी चाळीस वर्षं एकाच जागी दाबली, तिथली नस चेपली. थोडी विश्रांती घेतली असती तरी बरं वाटलं असतं."

"आणि दुसरा?"

"दुसरा उपचारानं झाला. तुम्ही गोळी घेत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक. म्हणून अफाफनं ती कुटून चहात घातली. सब्रीनं कॅप्सूल फोडून घेवड्यात मिसळली. हाज्जांनी मधाखाली लपवली. तिघं तीन दुकानांत गेले. तीन नावं, तीन रंग." तिनं भिंग काढलं आणि खोक्यांवरची बारीक अक्षरं एकेक करून वाचली. "आत मात्र एकच वस्तू. जीवनसत्त्व बी-सहा. नसांची ताकद म्हणून विकतात. शरीराला ते चिमूटभर लागतं. तुमच्या पोटात रोज गरजेच्या शेकडो पट जात होतं, अस्वानचे महिने वगळता दीड वर्ष. तेवढं झालं की तेच नसा मारतं. अस्वानला तुम्हाला कुणी काही चारत नव्हतं, म्हणून उतार पडला."

"मुंग्या वाढल्या तशी मी दोनाच्या तीन केल्या," अफाफ पुटपुटली.

"मीही," सब्री म्हणाला. हाज्जा नफीसानं डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढून घेतली.

"डॉक्टरांनी विचारलं, औषध कुठलं. तुम्ही छाती फुगवून सांगितलंत, काही नाही. ते शोधणार तरी काय?"

उस्तांनी निळं खोकं हातात उलटसुलट केलं. "आता जाईल हे?"

"आज बंद करा. डॉक्टर म्हणाले, पहिले काही आठवडे उलट जास्त होईल. मग सावकाश कमी. पूर्ण जाईल असा शब्द ते देत नाहीत."

डॉक्टरांचं खरं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात पायांची आग गुडघ्यापर्यंत चढली आणि उस्तांनी बहियाला फोन केला. "आता तर कुणी काही देत नाही. मग हे काय आहे?" आवाज लहान मुलासारखा कापत होता. बहियानं तेच पुन्हा सांगितलं. रोज सांगितलं.

अफाफ तेव्हा घरात नव्हती. खोकी निघाली त्याच दिवशी ती समुद्राकाठच्या रास अल-बर्रला भावाकडे निघून गेली होती. जाताना फिक्रीला एवढंच म्हणाली, "माझी चूक झाली, मास्तर. पण दीड वर्ष तो मला मारेकरीण समजून माझ्याशेजारी झोपला."

पाचव्या महिन्यात उस्ता काठी टेकत रास अल-बर्रला गेले. किनाऱ्यालगतची वाळू तापलेली होती. ते एकेक पाऊल डोळ्यांनी बघून टाकत दारापर्यंत पोचले.

अफाफनं दार उघडलं, पण वाट सोडली नाही. "पाय कसा आहे?"

वर्षभर त्यांनी तो पाय तिला दाखवला नव्हता. उंबऱ्यावर बसून त्यांनी चप्पल काढली आणि पाय तिच्यापुढे केला.

"मला कळत नाही," ते म्हणाले. "तू बघून सांग."

ती उभीच राहिली. मग खाली बसली, ओढणीच्या टोकानं वाळू झटकली आणि तळवा उजेडाकडे वळवून नीट बघू लागली.