हरकत असल्यास कळवावी

माझं लग्न ठरल्याचं मला चर्चमध्ये कळलं... बाकीच्या साठ माणसांबरोबरच!

१९७९चा फेब्रुवारी. शहापूरजवळच्या आमच्या एवढ्याशा कॉलेजात मी बी.टीएच. करत होते, म्हणजे ईश्वरविद्येची पदवी. शेवटचं वर्ष. अकरा विद्यार्थी, त्यात मुलगी मी एकटी. रविवारची उपासना प्राचार्य कृष्णराव साहेबच चालवायचे. त्या दिवशी प्रवचन संपलं, साहेबांनी चष्मा नाकावर चढवला, बायबलमधली चिठ्ठी काढली आणि नेहमीच्या वेगानं वाचून टाकली, "अड्याळचे जागेश्वर डोमाजी आणि चिखल्याच्या रुखमा परसराम यांचा विवाह एकवीस मार्चला होणार आहे. कोणास हरकत असल्यास कळवावी."

वाचून झालं, आणि मग साहेबांना नावं कळली. ते आ वासून चिठ्ठीकडे बघत राहिले. माझ्या हातातलं गीतपुस्तक धपकन खाली पडलं. बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मेस चालवणाऱ्या सुशीलाबाई, त्यांच्याच खोलीत मी राहायचे, माझ्या कानाशी आल्या, "अवो रुखमा, आमाले सांगायचं तरी!"

"बाई, मलेच आत्ता मालूम झालं!"

पलीकडे, पुरुषांच्या बाजूला, जागेश्वर पांढराफटक पडला होता.

हा जागेश्वर मला भेटला तोच धडकून. पहिल्या वर्षी बायबलच्या अभ्यासाला लागणारा ग्रीक शब्दकोश घ्यायला आमचे दोघांचे हात एकदमच कपाटात गेले. कोश अख्ख्या कॉलेजात एकच. चारपर्यंत त्याचा, चारनंतर माझा, असा तह झाला. पुढे पुढे कोश माझ्याकडे यायचा तेव्हा माझ्या उद्याच्या धड्यातल्या शब्दांवर बारीक पेन्सिलीच्या खुणा असायच्या.

"बंधू जागेश्वर, मले शोधता येत नाही का?"

"येते ना, भगिनी," तो खिडकीबाहेरच्या पळसाकडे बघत म्हणायचा. "पण मले बी काही काम पाहिजे..."

आमच्याकडे सगळे एकमेकांना बंधू-भगिनीच म्हणत. अशा जागी प्रेमात पडायचं तरी कसं, सांगा! शिवाय मला पडायचंही नव्हतं. मुली मधेच लग्न करून जातात आणि जागा वाया जाते, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून प्रवेशाच्या वेळी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं, पदवी हाती येईपर्यंत लग्न करणार नाही. मी डोळे मिटून सही केली. बाबा चिखल्याच्या खाणीत मँगनीज काढायचे आणि आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

उपासना सुटली तशी मी जागेश्वरला हातपंपाशी गाठलं.

"हे काय करून ठेवलं तू?"

"थे... वर्गाचा अभ्यास होता वं. साहेबानं सांगतलं, लग्नाची सूचना लिहून आणा, नावं कोणतीबी चालतीन. अन् चर्चच्या चिठ्ठ्या बायबलात ठेवायची पाळी माहीच. महिला मंडळाची चिठ्ठी वहीत राह्यली, अन् ही..."

"कोणतीबी चालत होती, तं माहं काहून लिहिलं?"

त्याचे कान लालभडक. "दुसरं सुचलंच नाही..."

ऐकून बरं वाटलं, आणि त्यामुळे राग आणखीच चढला. "साठ माणसांले विचारलं हरकत आहे का. मले विचारलं तू?" असं म्हणून मी तरातरा निघाले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे... एकदाच पाहिलं.

सोमवारी साहेबांनी दोघांना बोलावलं. "सूचना खोटी असेल तर व्यासपीठावरून खोटं वदवलं म्हणून जागेश्वर घरी जाईल. खरी असेल तर रुखमा, तुझी सही माझ्याकडे आहे. तू घरी जाशील."

परीक्षेला आठ आठवडे उरले होते!

"खोटी आहे साहेब," जागेश्वर लगेच म्हणाला. "रुखमाचा काही संबंध नाही. मी जातो. घरी धान आहेच रोवायले."

"मंडळीसमोर झालं, ते मंडळीसमोरच मिटेल," साहेब म्हणाले. "रविवारी पुन्हा वाचीन. ज्याला हरकत घ्यायची, त्यानं उभं राहावं."

शनिवारी चारला कोश माझ्याकडे आला. उघडला... आणि बघतच राहिले. पेन्सिलीच्या खुणा उद्याच्या धड्यापाशी थांबल्याच नव्हत्या. पार शेवटच्या धड्यापर्यंत! जायच्या आधी त्यानं माझं सगळं उरकून ठेवलं होतं. मी कोशात तोंड खुपसून रडले. आवडत होता मला तो. तीन वर्षं आवडत होता, आणि मी शब्दांचे अर्थ शोधत बसले होते!

साहेबांचा निरोप मिळून रविवारी बाबा खाणीच्या ट्रकवर बसून आले, मला न्यायला, माझ्या सामानासाठी हातात रिकामी थैली घेऊन. साहेबांनी सूचना वाचली. "कोणास हरकत..."

जागेश्वर उठायला लागला. त्याच्या आधी मी उठले.

"मले हरकत आहे!"

जागेश्वर मटकन खाली बसला.

"तारखेले हरकत आहे," मी म्हणाले. "एकवीस मार्च उपवासकाळात येते. ईस्टरपर्यंत लग्न लावायचं नाही, हे तुमीच शिकवलं, साहेब. ईस्टर झाला का परीक्षा. अन् पदवी हाती येईपर्यंत लग्न नाही, एवढंच मी लिहून दिलं आहे. पदवीनंतरचं काही लिहून दिलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. हसू होतं की राग, कळेना. "आणखी काही हरकत?"

"आहे. मले अजून कोणी विचारलंच नाही."

जागेश्वर बाकाला धरून उभा राहिला. "भगिनी..." म्हणाला आणि अख्खं चर्च हसलं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "रुखमा... करशील माह्यासंगं लग्न?"

मी बाबांकडे पाहिलं. ते मुकाट्यानं थैलीची घडी घालत होते. घडी खिशात गेली आणि त्यांनी मान हलवली.

"करीन," मी म्हणाले.

साहेबांनी पेन काढून तारीख खोडली. "मग कोणती लिहू?"

"निकालाच्या दुसऱ्या दिवसाची."

"अन् मी नापास झालो तं?" जागेश्वर घाबरून म्हणाला.

"तं मंग हरकत आहे!"