एकोणतिसाव्या सांजेची साक्ष

रमजानच्या एकोणतिसाव्या दिवशी कमानगडावर पहाट फुटली ती निरभ्र आणि कोरडी. दोन दिवसांमागे अवकाळी शिडकावा होऊन गेला होता. त्याने गडाच्या टाक्यांत ओंजळभर पाणीही साठले नव्हते. पठारावरची धूळ मात्र खाली बसली होती, आणि महिनाभर धुरकटलेला पश्चिमेचा डोंगर आता काठाकाठाने स्वच्छ दिसत होता. गडाच्या पायथ्याशी हाथीतलाव होता, आणि तलावाच्या तिन्ही अंगांनी सरलष्कर अझमतखानाच्या छावणीचे तंबू पसरले होते.

तीन महिने वेढा चालला होता. सुलतान वारला, त्याचा सहा वर्षांचा शहजादा आईसह कमानगडी आला, आणि तख्तावर डोळा ठेवून अझमतखान मागोमाग चालून आला, एवढी ही गोष्ट. गड काही तोफांना बधेना. तेव्हा नाक दाबले की तोंड उघडते, या न्यायाने खानाने तलाव धरला. पण रमजान लागला आणि त्याचेच शिपाई अडून बसले की, उपासाच्या महिन्यात मुसलमानावर तलवार धरणार नाही. मग खानाने मोठ्या मनाचा आव आणून कुराणावर हात ठेवला आणि कौल दिला: ईदचा चंद्र दिसेपर्यंत हत्यार उचलायचे नाही, आणि रोज सूर्यास्तापासून रात्रीच्या नमाजापर्यंत गडकऱ्यांनी तलावाचे पाणी खुशाल न्यावे. साऱ्या फौजेने तीच शपथ घेतली.

चंद्र कधी दिसेल, हे सांगणारा पुरुष छावणीतच होता. उस्ताद मीर कवामुद्दीन किरमाणी तीस वर्षे राजधानीच्या मदरशात ताऱ्यांचे गणित शिकवीत आले होते. त्या मदरशात वैद्यक शिकायला हकिमांची मुले येत, आणि फारसी पक्की करून आलेल्या ब्राह्मणाच्या पोरालाही गणिताच्या वर्गात चटई मिळे. पहिल्या दिवशी उस्ताद प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत: जे दिसले नाही ते लिहायचे नाही, आणि जे दिसले ते लपवायचे नाही. नमाजाच्या वेळा ठरवायला म्हणून खानाने त्यांना सक्तीने बरोबर आणले होते. महिन्याच्या आरंभीच त्यांनी गणित मांडून दिले की, एकोणतिसाव्या सांजेला चंद्र दिसणार नाही, महिना तिसांचा होईल. त्या कागदावर छावणीच्या काझीने शिक्का केला आणि एक प्रत गडावर गेली. गडाचा घटकापाळ, म्हणजे वेळ मोजून टोले देणारा, अंताजी गोविंद. तो उस्तादांचाच शिष्य. त्याने किल्लेदाराला सांगितले, "उस्तादजींचं गणित म्हणजे दगडावरची रेघ." त्या भरवशावर एकोणतिसाव्या सांजेलाही चारशे माणसे पाण्याला उतरायची होती, त्यांत निम्म्याहून अधिक बायका आणि मुले.

खानाला नेमके तेच हवे होते.

दुपारी त्याने उस्तादांना डेऱ्यात बोलावले. पुढे शेगडी पेटलेली होती आणि शेजारी उस्तादांच्या बावीस वर्षांच्या निरीक्षणांच्या वह्या रचून ठेवल्या होत्या.

"उस्ताद, बसावं," खान अदबीने म्हणाला. "आज सांजेला चंद्र दिसेल. आपण काझीसमोर तशी साक्ष द्यावी. आपल्या जबानीवर फौज चालते, हे आपणही जाणता."

"हुजूर, आज चंद्र दिसणार नाही."

"सूर्य बुडता बुडता कौल संपेल. चारशे माणसं तलावावर, त्यांत किल्लेदाराच्या दोन्ही सुना. गड उद्या सकाळी दार उघडेल. आणखी महिन्याचा वेढा वाचेल, दोन्हीकडचे हजारो जीव वाचतील. एका दिवसाचं गणित इकडचं तिकडे, तेवढ्याने आभाळ कोसळत नाही."

"हुजुरांनी मला आभाळ बघायला आणलं आहे. ते कोसळवायला दुसरा कोणी बघावा."

खानाने हसून पहिली वही शेगडीत टाकली. मग दुसरी. पाने आधी कडेने काळी पडत आणि मग एकदम भडकत. प्रत्येक वहीमागे तो एकदा विचारी, आणि उस्ताद एकदा नाही म्हणत. नवव्या वहीला म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी शब्द फिरला नाही. बाविसावी वही जळाली तेव्हा खान कंटाळून म्हणाला, "असो. साक्षीदारांना काय तोटा? दोन पढवून ठेवले आहेत." मला तर वाटते, माणसाला जाळले असते तरी त्याला तेवढाच कंटाळा आला असता.

सूर्य डोंगराला टेकला. तलावाच्या काठावर गडकऱ्यांची रांग लागली, घागरी बुडबुडू लागल्या. त्यांच्या मागच्या टेकाडाआड खानाचे सहाशे स्वार घोड्यांचे लगाम धरून उभे होते. वरच्या उंचवट्यावर काझी, खान आणि सरदार पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. सूर्य बुडाला आणि अर्ध्या घटकेत दोन शिपाई ओरडत आले, "चंद्र! चंद्र दिसला!"

काझी वृद्ध होता, पण भोळा नव्हता. त्याने उस्तादांकडे पाहिले. उस्तादांनी साक्षीदारांना एकेकटे पुढे घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "बाळ, सूर्य बुडाला त्या जागेच्या उजवीकडे दिसला की डावीकडे?"

पहिला म्हणाला, डावीकडे. दुसराही म्हणाला, डावीकडे. पढवणाऱ्याने दोघांना एकच पाठ दिला होता.

"काझीसाहेब, आपल्या शिक्क्याचा कागद उघडावा," उस्ताद म्हणाले. "या महिन्यात चंद्र सूर्याच्या उजव्या अंगाला आहे, हे मी महिन्यापूर्वी लिहिलं आहे. डावीकडे यांना जे दिसलं ते यांच्या मालकाचं बोट असेल."

सरदारांत खसखस पिकली. खानाचा चेहरा उतरला. काझीने दोघांना हाकलले आणि म्हटले, "उस्ताद, जनाच्या समाधानासाठी आपण एकदा स्वतः पाहून घ्यावं, म्हणजे वाद मिटला."

उस्तादांनी आपली पितळी नळी लाकडी घोडीवर बसवली. नळी नुसती पोकळ. तिच्याने काही मोठे दिसत नाही, पण आभाळाचा उजेड बाजूला सारून नजर एका ठिकाणी खिळते. चंद्र असलाच तर कुठे असेल, ती जागा त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी नळी तिथे रोखली आणि अगदी निर्धास्तपणे डोळा लावला.

चंद्र तिथे होता.

केसाएवढी कोर, पांढरीही नव्हे, उजेडाहून जराशी उजळ. उस्तादांनी पापणी मिटून उघडली. होती. राजधानीच्या धुळकट हवेत अशी कोर कधी दिसत नसे आणि त्यांचे सारे नियम त्या हवेत बांधलेले होते. इथली धुतलेली हवा त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. तीस वर्षांच्या शिकवणुकीत शेंबड्या पोरालाही ते विचारीत, "हवा कशी होती ते लिहिलंस का?" आणि स्वतः मात्र विसरले होते.

खाली घागरी बुडत होत्या. एक बाई कुणाला तरी हाक मारून हसत होती.

दुपारी याच तोंडाने त्यांनी बावीस वेळा खोटे नाकारले होते आणि आता खरे बोलण्याची पाळी आली होती. खरे बोलले की कौल संपला, शपथ फिटली आणि टेकाडामागचे स्वार सुटले. मला विचाराल तर देवाने एवढ्या चांगल्या माणसाची अशी थट्टा करायला नको होती.

"उस्ताद?" काझी म्हणाला.

"बाजूला व्हा, मी बघतो," म्हणत खान उठला.

तीस वर्षांत ज्या हाताचा धक्का कोणत्याही यंत्राला लागला नव्हता, त्या हाताचे कोपर नळीला लागले. नळी बोटभर सरकली. खान वाकला, त्याने बराच वेळ पाहिले, आणि त्याला रिकामे आभाळ दिसले.

उस्ताद काझीसमोर उभे राहिले. "अल्लाला साक्षी ठेवून सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मुळीच कापला नाही, "मला चंद्र दिसला नाही."

गडाच्या पश्चिम बुरुजावर अंताजीही आपली नळी लावून बसला होता. त्याला कोर दिसली. खाली चारशे माणसे आणि मध्ये दोन हजार हातांची उतरण. ओरडावे तरी कोणाला ऐकू जाणार? तो कठड्याला धरून उभा राहिला. छावणीतून नगारा वाजला नाही, तोफ झाली नाही, आणि माणसे घागरी घेऊन एकेक करीत वर येऊ लागली, तेव्हा खाली उस्तादांनी काय केले ते त्याला कळले.

दुसऱ्या सांजेला गडावरून कोणी उतरले नाही. सूर्य बुडाला आणि डोंगरावर जाडजूड, ठळक चंद्र उभा राहिला, पोरांनाही बोट दाखवता येईल असा. छावणीत कुजबुज झाली. हा चंद्र कालचा होता. म्हणजे आज ईद होती आणि ईदच्या दिवशी उपास हे पाप. दहा हजार माणसांनी ते पाप उस्तादांच्या शब्दावर केले होते. जो शिपाई महिनाभर रोज सांजेला त्यांना स्वतःच्या वाट्याचे खजूर आणून देई, तोच प्रथम त्यांच्या तोंडावर थुंकला.

खानाने त्यांना फौजेसमोर उभे केले. "उस्तादांचे डोळे अधू झाले आहेत," तो म्हणाला. "अधू वस्तू जवळ ठेवू नये." सळई शेगडीत तापतच होती. उस्तादांनी आपण चंद्र पाहिला होता, असे तेव्हाही सांगितले नाही. कारण ते सांगितले असते, तर चूक गणिताची न राहता गडाशी फितुरीची ठरली असती, आणि गड हाती आल्यावर खानाने बायकामुलांनाही सोडले नसते. फौज बघत होती. एकही माणूस मध्ये पडला नाही.

एकोणतिसाव्या सांजेला भरलेल्या पाण्यावर गड एकोणीस दिवस लढला. विसाव्या दिवशी शहजाद्याच्या मामाची कुमक आली आणि खानाने रातोरात तळ उठवला. जाताना तंबू नेले, तोफा नेल्या, आंधळ्या झालेल्या उस्तादांना तलावाच्या काठावर सोडले.

अंताजी गडावरून धावत आला. मदरशात असताना उस्तादांच्या वह्यांची त्याने स्वतःपुरती एक नक्कल केली होती. ती त्याच्या काखेत होती. त्याने म्हाताऱ्याच्या पायावर डोके ठेवले आणि त्याला रडू आवरेना.

"उस्तादजी, आपलं गणित बरोबर होतं. मी बुरुजावरून पाहिलं. त्या सांजेला चंद्र नव्हताच."

उस्तादांचा चेहरा संतापाने ताठ झाला. "मी खोटं बोललो ते चारशे जीवांसाठी. तू कोणासाठी बोलतोयस?"

अंताजीने काखेतली वही मांडीवर घेतली, पाने सळसळली.

"वही आणली आहेस ना? लिही. 'एकोणतिसाव्या सांजेस कमानगडी चंद्र दिसला. किरमाणीचं गणित चुकलं, हवा धरली नव्हती.' लिहिलंस? पुढे लिही. 'किरमाणीने चंद्र पाहिला आणि पाहिला नाही म्हणून साक्ष दिली.'"

"शेवटचं कशाला, उस्तादजी? लोक आपल्याला खोटा साक्षीदार म्हणतील."

"उद्या कोणी म्हणेल, किरमाणीला नळीतून दिसला नाही, मग इतरांना दिसला तो भास. माझ्या नावावर विसंबून तो चुकीचा नियम बांधील. लिही."

तिसऱ्या वाक्याला अंताजीने टाक कागदावर धरला, पण टेकवला नाही. त्याने तिन्ही वाक्ये मोठ्याने वाचून दाखवली. उस्तादांनी हात पुढे केला, पान चाचपले, आणि बोट ओळींवरून हळूहळू खाली नेले.

"इथे कोरडं आहे, अंताजी."

अंताजीने ते वाक्य लिहिले. उस्तादांनी पुन्हा बोट ठेवले, ते शाईने ओले झाले, आणि मगच त्यांनी प्यायला पाणी मागितले.