दुसरा गिअर

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारची आहे. गेल्या महिन्यातला मंगळवार, अडीच ते साडेचार. आणि शब्द न् शब्द खरी आहे.

हे सांगण्यात माझीच अब्रू जाते. तरी सांगतो.

मी ट्रॅक्टर मेकॅनिक. वीस वर्षं हाच धंदा. थोरला भाऊ शेती करायचा. त्याचा जुना ट्रॅक्टर माझ्याशिवाय कुणी कधी खोलला नाही.

त्या मंगळवारच्या आठ महिने आधी दादा त्याच ट्रॅक्टरखाली गेला.

जमिनीवर उभं राहून त्याने चावी फिरवली. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. मागचं चाक अंगावरून गेलं.

"एवढा जाणता माणूस, पण निष्काळजीपणा नडला," सगळे म्हणाले.

मीही मान डोलावली.

तेव्हापासून शेडला कुलूप. किल्ली वहिनींच्या कमरेला.

आणि त्या मंगळवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यंदा नांगरट मी स्वतः करणार. ट्रॅक्टर सुरू करून द्या. दुसऱ्या कुणाचा हात नाही लागू द्यायचा मला."

नाही कसं म्हणणार?

नवी बॅटरी घेऊन गेलो. वहिनींनी कुलूप काढलं आणि चहा टाकायला घरात गेल्या. ट्रॅक्टरवर बोटभर धूळ. पत्र्याखाली कबुतरं घुमत होती.

बॅटरी जोडली. हॉर्न वाजवून बघितला, खणखणीत. चावी फिरवली.

काहीच नाही. साधं टक्क पण नाही.

टर्मिनल घासले. अर्थिंगची वायर आवळली. पुन्हा चावी... शून्य. डिझेल बघण्यात अर्थ नव्हता. स्टार्टरच फिरत नाही, तर फिल्टर काय खोलायचा? रोग रेड्याला नि औषध पखालीला.

मग आमचा नेहमीचा उपाय. लांब स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोकं थेट जोडायची. त्यासाठी मागच्या चाकापुढे वाकावं लागतं. म्हणून आधी वर चढून गिअर न्यूट्रल केला. दांडा हलवून दोनदा खात्री केली.

खाली उतरलो. वाकलो.

आणि वर आवाज आला...

कटक्.

उठून बघितलं. दांडा दुसऱ्या गिअरमध्ये.

घाम आला. स्क्रूड्रायव्हर टेकवला असता, तर चाक माझ्यावर होतं. म्हटलं, आपलीच चूक. नीट पडला नसेल न्यूट्रल. पुन्हा चढलो, पुन्हा काढला, पुन्हा वाकलो.

कटक्.

तेव्हा लक्षात आलं... कबुतरं गप्प झाली होती.

तिसऱ्यांदा न्यूट्रल केला आणि दांड्यावरची नजर न हलवता उतरलो. दांडा जागचा हलला नाही.

पण सीटची स्प्रिंग कुरकुरली.

फाटकं रेक्झिन हळूहळू खाली दबलं... माणूस टेकल्यावर दबतं तसं. आणि माझ्या डोळ्यांदेखत दांडा दुसऱ्यात पडला.

पळायला हवं होतं. पण त्या भीतीतही मेकॅनिकचं डोकं एका जागी अडकलं.

गिअर पडलाय म्हणून चावीला दाद देत नव्हता? पण हा ट्रॅक्टर तर गिअरमध्येही सुरू व्हायला हवा होता.

हे फक्त मला माहीत होतं.

गिअरच्या दांड्याखाली एक छोटा सेफ्टी स्विच असतो. गिअर पडलेला असला की तो स्टार्टर फिरूच देत नाही. दादाचा स्विच जळाला होता. पेरणीची घाई, माझ्याकडे नवा नव्हता. मी दोन वायरी पिळून थेट जोडल्या.

दादाने विचारलं, "नवा बसवलास ना?"

मी म्हणालो, "बसवला."

चौथ्या दिवशी दादा गेला.

टॉर्च घेऊन मी खाली शिरलो. जिथे माझ्या पिळलेल्या वायरी असायला हव्या होत्या...

तिथे स्विच होता. कोरा. वायरी नीट जोडलेल्या. वर काळी टेप, आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं. पुढच्या वेळी सोडवताना नख घासायला नको, म्हणून दादा तसं दुमडायचा.

हात लावला. टेप गरम होती.

"भाऊजी? तोंड का पांढरंफटक पडलंय?" वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या.

मी बसकण मारली आणि सगळं ओकून टाकलं. स्विच, घाई, 'बसवला' म्हणालो ते. आत्ता काय दिसलं तेही.

वहिनी रडल्या नाहीत. कप खाली ठेवला.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती."

"नाही."

"आठ महिने मी त्यांच्यावर चिडून होते, भाऊजी. रोज फोटोसमोर उभी राहून विचारायचे, 'एवढी कसली घाई होती तुम्हाला?' घाई त्यांची नव्हती, तुमची होती."

मला वर बघवेना.

वहिनी ट्रॅक्टरवर चढल्या. दांड्याला हात लावला. "न्यूट्रलच आहे की."

चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन धडधडलं. एकदाही माझ्याकडे न बघता त्या ट्रॅक्टर शेडबाहेर घेऊन गेल्या.

नांगरट झाली. ट्रॅक्टर एकदाही अडला नाही म्हणतात.

मी मात्र एकाच जागी अडलोय. स्विच जोडणाऱ्याने मला वाचवलं म्हणावं, तर मी वाकलो की गिअर टाकत कोण होतं? चावीपुरता स्विच ठीक, पण स्क्रूड्रायव्हरपुढे त्याचं काही चालत नाही. हे मला शिकवलं दादानेच.

मारायचं होतं, की फक्त बोलायला लावायचं होतं?

काल वहिनींचा पुन्हा फोन आला. "ऑइल बदलायचंय. याल ना?"

आवाज अगदी शांत होता. बघतो म्हणालो... आणि फोन ठेवला.