रबरी काठ

"शीट अख्खीच द्या. मी घरी कापेन," ममता म्हणाली, आणि प्लायवूडच्या दुकानातले सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

दुकानदार हसला. "ताई, इथे मशीनवर कापून देतो की. घरी कशाने कापणार, विळीने?"

"ट्रॅक सॉ आहे माझ्याकडे."

हे ती जरा तोऱ्यातच म्हणाली. जळगावच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणाऱ्या या मुलीने दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्तातली ट्रॅक सॉ मागवली होती. लाकडावर ॲल्युमिनियमचा लांब ट्रॅक ठेवायचा, त्यावरून करवत ढकलायची, की कट सरळ येतो, अशी जाहिरात होती. पुस्तकांचं कपाट स्वतःच्या हाताने करायचं तिने घरात जाहीर करून टाकलं होतं. "माळ्यावर जाईल बघ ते यंत्र," असं आई, म्हणजे इंदिराबाई, रोज जेवताना ऐकवत होत्या.

शेजारी बिजागऱ्या निवडणारा एक उंच तरुण वळला. "दोन तुकडे जोडून ट्रॅक होतो, तीच का? निळी?"

"हो... तुम्हाला कसं माहीत?"

"मीही तिथेच फसलो ना!"

"मी नाही फसले."

"असं? मग जोडापाशी कट वाकडा येत नाही?"

ममताचे कान गरम झाले. येत होता. चांगलं बोट घालता येईल इतका येत होता! पण हे या आगाऊ माणसाला कुणी सांगितलं?

तो हसला, पण तिला हसला नाही, हे तिला बरं वाटलं. नाव प्रेमराज. घर धुळ्याला, नोकरी जळगावात. आठवडाभर बहिणीकडे राहायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने गावी जायचा. लाकूडकामाचा नाद धुळ्याच्या गच्चीवर. त्याने नंतर एकसंध लांब ट्रॅक घेतला होता. "हवा तर आणून देतो," म्हणाला, "फक्त नंबर द्या. म्हणजे... ट्रॅकसाठी."

"ट्रॅकसाठीच," ममता म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली.

पुढच्या सोमवारी तो खरंच तिच्या दारात उभा. एका हातात करवतीची पेटी, खांद्यावर चादरीत गुंडाळलेला ट्रॅक. "कंडक्टर विचारतो, हाई काय शे भो, तोफ शे का? अख्खी गाडी हसली माझ्यावर."

"माझ्यासाठी हसू करून घेतलंत?"

"अजून बरंच करून घेईन..." तो बोलून गेला आणि घाईघाईने चादर सोडायला लागला. मग ट्रॅकच्या कडेला लावलेल्या रबराच्या पातळ पट्टीवर त्याने बोट ठेवलं. "हे बघ ममता, हा रबरी काठ. माझ्या करवतीने पहिल्यांदा चालताना हा कापला, म्हणून तिचं पातं बरोबर याच्या कडेने जातं. खुणेला काठ लावला की झालं, मोजायला नको. पण दुसरी करवत यावर चालवायची नाही. तिचं पातं थोडं इकडेतिकडे असतं, काठ बिघडतो. म्हणून माझीच करवत आणलीय. तीच वापर."

"एवढा जपता?"

"ज्याला जपायचं त्याला जपतो," तो म्हणाला, आणि करवतीची पेटी तिच्याकडे सरकवली.

सगळं कपाट त्याच्या करवतीने छान कापून झालं. उरली एकच फळी. आणि इंदिराबाई दारात येऊन म्हणाल्या, "दुसऱ्याच्याच यंत्राने कापायचं होतं, तर आपलं कशाला घेतलं गं?"

झालं. ममताने आपली निळी करवत उचलली. एकदाच! एका फळीने काय होतंय? करवत घरघरत गेली, कट अगदी सरळ आला, तिने आईला फळी नाचवून दाखवली. आणि मग भुश्यात पडलेला रबराचा काळा दोरा तिला दिसला... काठाची सबंध कड, दोऱ्यासारखी सोलून निघालेली.

तिने तो दोरा भुश्याबरोबर झाडून टाकला. ट्रॅक चादरीत गुंडाळला, गाठ मारली. प्रेमराज न्यायला आला तेव्हा, "झालं का नीट?" म्हणाला, तर ही म्हणाली, "हो, अगदी." इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं, याचंच तिला रात्रभर नवल वाटत राहिलं.

संक्रांत झाली. प्रेमराज टपरीवर चहा घेताना सांगायला लागला, आणि सांगताना आधी स्वतःच हसत होता. आईसाठी त्याने ड्रॉवरचं कपाट केलं होतं. वडिलांना, तोताराम नानांना, छातीठोक सांगितलं होतं की सुताराची गरज नाही. ड्रॉवर जरा जोर लावून आत गेले. त्याला वाटलं, नवं आहे, बसेल. आईने कौतुकाने त्यातच हळदी-कुंकवाचं वाण भरून ठेवलं. बायका जमल्या, आई वाण काढायला गेली, तर एक ड्रॉवर उघडेल तर शपथ! तिने ओढलं, काकूने ओढलं, शेवटी मूठच हातात आली. अख्ख्या गल्लीच्या बायका वाणाशिवाय बसलेल्या, आणि नाना पलंगावरून म्हणतात, "करवत नही, खेळनं शे ते!"

"सगळ्या फळ्या खुणेपेक्षा जरा जरा रुंद निघाल्या," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "काठ खुणेला लावूनच कापल्या होत्या गं. माझा हातच वाकडा, दुसरं काय."

ममता खाली बघून बिस्किट चहात बुडवत राहिली. ते विरघळून तळाशी गेलं. आता सांग, आता सांग... तोंड उघडलं तेव्हा शब्द निघाले ते असे, "होतं असं कधी कधी."

स्वतःची एवढी लाज तिला कधीच वाटली नव्हती. घरी नवं कपाट समोर उभं, येणारा-जाणारा त्याची वाहवा करी, आणि तिला त्याच्याकडे पाठ करून बसावंसं वाटे. त्याचे फोन ती टाळायला लागली. त्याला वाटलं, वाकड्या हाताच्या माणसात मुलीचा रस संपला. शनिवारी त्याच्या स्टेटसला करवतीचा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'विकणे आहे.'

रविवारी पहिल्या एसटीने ममता धुळ्याला निघाली. पर्समध्ये नव्या रबरी काठाची गुंडाळी होती.

दार प्रेमराजच्या आईने, भिकुबाईंनी उघडलं. "ये व माय, बस," म्हणाल्या, कोण कुठली न विचारता. पलंगावर नाना, कोपऱ्यात ते कपाट, एका ड्रॉवरला मूठ नाही. प्रेमराज आतून आला आणि तिला बघून उभाच राहिला. त्याचा चेहरा इतका उजळला की ममताला पळून जावंसं वाटलं. त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगणं सोपं होतं. पण हसू झालं होतं ते या घरात, नानांसमोर.

"नाना," ती म्हणाली. "ड्रॉवर यांच्या हाताने नाही बिघडले. मी यांच्या ट्रॅकवर माझी करवत चालवली. नको सांगितलं होतं तरी. काठ कापला गेला, आणि मी... मी लपवलं."

नानांनी मुलाकडे पाहिलं. भिकुबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रेमराजच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला.

"तुम्ही बसा," तो म्हणाला, आणि गच्चीचा जिना चढून गेला.

तुम्ही! ममताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती तशीच मागोमाग वर गेली. तो ट्रॅकचा काठ उन्हात धरून बघत होता.

"काठाचं काही नाही गं," तो वळला नाही. "काठ बाजारात मिळतो. पण टपरीवर मी म्हणालो, माझा हात वाकडा. तू समोर बसली होतीस. तेव्हा तरी..."

"तेव्हा लाज वाटली."

"कशाची?"

"मी तुमच्या मनातून उतरेन याची. आणि न सांगितल्याची लाज रोज वाढतच गेली. सांगायचं आणखीच अवघड होऊन बसलं." तिने डोळे पुसले, गुंडाळी काढून कठड्यावर ठेवली. "उतरले असेन तर उतरले. पण करवत विकू नका. तुमचा हात सरळ आहे. तो... तो मला फार आवडतो."

खालून वांगी भाजल्याचा वास येत होता. मग त्याने गुंडाळी उचलली, जुना काठ ओढून काढला आणि नवा चिकटवायला घेतला. तिने न सांगता दुसरं टोक ताणून धरलं. दाबत दाबत त्याची बोटं तिच्या बोटांपाशी येऊन थांबली.

"आता तुमची करवत चालवा," ती हळूच म्हणाली. "काठ तिच्या मापाचा होईल."

"नाही. ती विकतोय मी."

"अजून रागच आहे का?"

"थोडा आहे. जाईल." आता तो तिच्याकडे बघत होता. "पुढच्या रविवारी तुझी निळी करवत घेऊन ये. हा काठ तिच्याच मापाचा करू."

"वेडे झालात? मग हा ट्रॅक माझ्या करवतीशिवाय काही कामाचा राहणार नाही."

"माहितीय."

"आणि करवत तर जळगावला..."

ममता बोलता बोलता थांबली. मान खाली गेली ती वर येईना. "प्रेमराज, मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

"आणि माझ्या बापासमोर खरं बोललीस. तिथे बोलायला मीसुद्धा घाबरतो," तो म्हणाला. "बोल, आणशील?"

खालून भिकुबाईंची हाक आली, "जेवाले चला रे पोरांहो, भरीत थंडं व्हई ऱ्हायनं!"

पुढच्या रविवारी धुळ्याच्या एसटीत ममता खिडकीपाशी बसली होती. मांडीवर जड निळी पेटी. कंडक्टरने विचारलं, "हाई काय शे व ताई?"

"करवत आहे."

"आत्ता राहू दे, पण परत नेताना सामानाचं तिकीट लागेल बरं का."

"परत नाही न्यायची," ममता म्हणाली, आणि लाजून खिडकीबाहेर बघायला लागली.