हिरव्या लुगड्याच्या नऊ थैल्या

कर्र, कर्र, असा कातरीचा बारीक आवाज झाला आणि कासवदुर्गाच्या दक्षिण बुरुजाखालच्या ओवरीत रात्रभर साचलेली शांतता फाटली.

पूर्वेला डोंगरांच्या रांगेमागे तांबडं फुटत होतं. किनाऱ्यापासून कोसभर आत, कासवानं पाठ उंचावून पडावं तसं ते बेट. त्याभोवती काळ्या कातळाचा तट. आणि पश्चिमेच्या पाण्यात शिडं गुंडाळून उभी असलेली टोपीकरांची पाच गलबतं. नऊ दिवस त्या गलबतांनी गडावर गोळ्यांचा मारा चालवला होता. गडाच्या चौदा तोफांपैकी धड अशी एकच उरली होती, दक्षिण बुरुजावरची. बार उडण्याआधी गाड्यावर कुरकुरायची, म्हणून गोलंदाजांनी तिचं नाव ठेवलं होतं मावळण, म्हणजे आत्याबाई.

ओवरीत सात बायका गोल करून बसल्या होत्या आणि मावळणीसाठी दारूच्या थैल्या शिवत होत्या. खरं तर या थैल्या सकलादीच्या, म्हणजे लोकरी कापडाच्या व्हायच्या. पण कोठाराच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या, ते त्र्यंबकपंत कारखानीस शत्रूशी आतून संधान बांधून चार दिवसांपूर्वी एका होडीतून पसार झाले होते, आणि मागे पाहावं तर सकलादीच्या गाठोड्यांत नुसतं तरटं कोंबलेलं. थैलीवाचून सुटी दारू पळीनं भरायची, तर एका बाराला तीन बारांचा वेळ लागे. तेव्हा गडाचे हवालदार रायाजी सुर्वे पागोटं काढून या बायकांपुढे उभे राहिले होते.

"आयाबायांनो, दौलतीच्या हवालदारानं तुमच्यापुढं पदर पसरावा अशी वेळ कारखानीसांनी आणली. रेशीम असेल ते द्या. आज दिवस कलताना भरती येईल, तेव्हा पूर्वेच्या खडकांवरून होड्या निघतील आणि तुम्ही, लेकरं, जखमी, सारे किनाऱ्याला लागाल. तोवर मावळण बोलती राहिली पाहिजे."

म्हणून सात पेट्या उघडल्या होत्या. सुती कापड मात्र चालत नसे. रेशीम जळून राख होतं आणि विझतं. सूत विझल्यासारखं दिसतं, पण आत निखारा धरून ठेवतं. तोफेच्या पोटात असा एक धागा धुमसत राहिला की पुढची थैली ठासताठासताच पेट घेते. बायकांतल्या थोरल्या आवडाकाकूंचा गोलंदाज नवरा असाच गेला होता. तेव्हापासून प्रत्येक कापडाचा एक धागा काढून दिव्यावर जाळून पाहायचा, ही रीत त्यांनी घातली होती.

"तुझं आण गो सकवार," त्या म्हणाल्या.

सकवार ही मावळणीच्या गोलंदाजाची, सुभानजी किराची बायको. पंचविशीची, मांडीवर चार वर्षांची ठकू पेंगत असलेली. तिनं लग्नातलं हिरवं लुगडं पुढे केलं. तिचे वडील भागोजी वेळणवाडीला माडावर चढून माडी काढणारे. दोन हंगाम स्वतः फाटकं धोतर नेसून त्यांनी अस्सल रेशमी म्हणून हे लुगडं लेकीसाठी आणलं होतं.

आवडाकाकूंची बोटं धागा उपसायला काठाकडे गेली. सकवारचा चेहरा जरासा उतरला.

"काकू, बाबांनी दिलेलं आहे."

बोटं थबकली. माहेरचं कापड चारचौघींत जाळून पाहायचं, म्हणजे बापाच्या शब्दाला आच लावायची.

"राहू दे," आवडाकाकू ओशाळून म्हणाल्या. "भागोजीला काय मी ओळखत नाही? घे कातर."

त्या लुगड्याच्या नऊ थैल्या झाल्या.

सूर्य वर आला तशी गलबतांनी पुन्हा तोफा डागायला सुरुवात केली आणि मावळणही कुरकुरून त्यांना जबाब देऊ लागली. दुपार कलली. ओवरीच्या कोपऱ्यात सकवारनं मुलांसाठी पेज रटरटवली आणि टोप उतरवायला शिवणातली उरलेली हिरवी चिंधी हातात घेतली. चिंधीचं टोक विस्तवाला लागलं. तिनं फुंकर मारली. जाळ गेला, पण एक लाल ठिपका राहिला, आणि तो धाग्याच्या वाटेनं, मुंगी चालावी तसा, पुढे पुढे सरकत चालला. तिनं पुन्हा फुंकलं. तो अधिकच लाल झाला.

उभा धागा रेशमाचा होता, आडवा सुताचा. गर्भसुती कापड.

"काकू, ठकूला धरा," एवढंच ती म्हणाली आणि बुरुजाच्या पायऱ्या चढू लागली. दगडांच्या ढलप्या उडत होत्या, धुरानं डोळे चुरचुरत होते, पण तिच्या मनात आकडा एकच होता, नऊ.

सुभानजी उघड्या अंगानं तोफेचं पोट ओल्या पोतेऱ्यानं पुसत होता. सोबत तिघे गोलंदाज होते.

"तू इथं कशाला? जीव नकोसा झालाय काय?"

"धनी, हिरव्या थैल्या किती उडवल्या?"

"दोन. आता त्याच राहिल्यात. सात."

तिनं मूठ उघडली. चिंधी अजून धुमसत होती. तिचा तळवा भाजला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं. सुभानजीनं पाहिलं. एकदा चिंधीकडे, एकदा तोफेच्या तोंडाकडे. मग त्यानं तिची मूठ धरून पाण्याच्या बादलीत बुडवली आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"पाच वर्षं मी तुला या लुगड्यात बघतोय. मला कधी सूत दिसलं नाही. तुझ्या बाबांना तरी कसं दिसलं असेल?"

"मी जाळून बघू दिलं नाही हो... मीच काकूंचा हात..."

"गप्प. कुणी ऐकेल."

त्यानं बाहेर पाहिलं. गलबतांवरून शिपायांनी भरलेल्या आठ नावा सुटल्या होत्या आणि दक्षिणेच्या धारेनं वळसा घालू पाहत होत्या. त्यांना ते वळण मिळालं, की पूर्वेच्या खडकांपाशी वाट पाहणाऱ्या होड्या बरोबर त्यांच्या तोंडात. मावळण वाचवायची तर आत्ताच थांबवायला हवी. होड्या वाचवायच्या तर भरती होईतो तिला बोलतं ठेवायला हवं.

सुभानजी आपल्या माणसांकडे वळला. "दौलू, गणबा, इस्माईलभाई, तिघेही खाली जा. होड्यांना वल्ह्यावर हात कमी आहेत."

"आणि ठासायला?" म्हातारे इस्माईलभाई म्हणाले. "एकट्यानं मावळण आवरते होय? सख्ख्या भाच्यालाही ती दाद देत नाही."

"मी तिचा लाडका आहे. चला, हवालदारांचा हुकूम आहे."

हुकूम असा कुणाचाच नव्हता. इस्माईलभाईंनी सकवारच्या हातातली ओली चिंधी पाहिली, उभ्या जन्मात दारूशी खेळलेल्या त्या माणसाला काय ते उमगलं, आणि त्यांनी सुभानजीच्या पाठीवर हात ठेवला व इतर दोघांना घेऊन ते पायऱ्या उतरले.

"मी पाणी देते," सकवार म्हणाली. "पोतेरा मी भिजवते. दोघांनी केलं तर..."

"ठकूला कोण घेईल?"

तिनं त्याच्या दंडाला धरलं, सोडलं, परत धरलं. त्यानं तिच्या कपाळावरचा घाम आपल्या काळ्या अंगठ्यानं पुसला. तिथे दारूचा एक मोठा डाग उमटला.

"प्रत्येक बाराला तीनदा पुसेन. घाबरू नको. आणि हे बघ, कापडाचं कुणापाशी काढू नकोस. भागोजीबाबांपाशी तर नाहीच नाही. म्हाताऱ्याला जगायचंय अजून."

भरतीचं पाणी खडकांवर चढलं, तेव्हा अकरा होड्या निघाल्या. सकवार ठकूला पोटाशी धरून शेवटच्या होडीत बसली होती, पाठ किनाऱ्याकडे आणि तोंड गडाकडे. दक्षिण बुरुजावर बार उडाला. एक. खूप वेळ गेला; तीनदा पुसायला लागतो तेवढा. दोन. वळणावर एक नाव फुटलेली दिसली. तीन. चार. आणखी दोन नावा फुटल्या. आता मधला वेळ कमी होत चालला होता. नावा जवळ आल्या असणार. तीनदा पुसायला त्याला कोण सवड देणार होतं? पाच. सकवारच्या ओठांवर पुढचा आकडा येत होता आणि तो आला की ती त्याला परत आत ढकलत होती, जणू न मोजल्यानं तो थांबेल.

सहा.

तो आवाज वेगळा होता. आखूड, आणि आतल्या आत.

इस्माईलभाईंनी वल्हं उचललं ते क्षणभर तसंच धरलं, मग पाण्यात घातलं. उरलेल्या पाच नावा वळणावरून माघारी वळल्या होत्या. पुढच्या बाराची त्यांना धास्ती होती. तो बार झालाच नाही, पण हे त्यांना कळेपर्यंत होड्या खाडीच्या तिवरांत शिरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना कासवदुर्गावरचं निशाण उतरलेलं दिसलं. हवालदार रायाजी सुर्व्यांनी उरलेल्या चाळीस माणसांच्या जिवाचं वचन घेऊन दरवाजा उघडला. त्र्यंबकपंतांना पुढे टोपीकरांकडे कारकुनी मिळाली म्हणतात. आणि रात्र तिवरांत काढून वेळणवाडीच्या पुळणीवर एकशे बारा बायका, लेकरं आणि जखमी जिवंत उतरली.

भागोजी गुडघाभर पाण्यात धावत आले. त्यांनी ठकूला उचलून खांद्यावर घेतलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचं कुंकू पुसलेलं कपाळ आणि त्यावरचा काळा डाग पाहून त्यांना जावयाचं विचारावं लागलं नाही. त्यांनी मनगटानं डोळे पुसले.

"भागोजी," आवडाकाकू म्हणाल्या, "रडू नकोस. तुझ्या जावयानं एकट्यानं तोफ चालवली. आणि थैल्या कशाच्या होत्या ठाऊक आहे? तुझ्या पोरीनं लग्नातलं लुगडं कापून दिलं. तुझं रेशीम होतं म्हणून आम्ही सगळ्या इथं उभ्या आहोत."

भागोजींचा हात सकवारच्या डोक्यावर होता तिथंच थांबला.

"कुठलं लुगडं?" त्यांनी विचारलं. "हिरवं?"

"हिरवंच."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. काही विचारावं आणि ते विचारायची हिंमत नसावी, असं ते पाहणं होतं. पाच वर्षांपूर्वी कापडवाल्याच्या दारात उभं राहून त्यांनी रेशीम मागितलं होतं, आणि पैसे पुरेनात तेव्हा त्यानं पुढे केलेलं गर्भसुती जाणूनबुजून घेतलं होतं, ते सगळं त्या डोळ्यांत उघडं पडलं. थैलीला सूत चालत नाही, हे गोलंदाजाच्या सासऱ्याला ठाऊक होतं. सकवारनं नजर वळवली नाही. तिला वळवायची होती, मान हलेना. तिनं हसायचा प्रयत्न केला. "हो बाबा," ती म्हणाली, "फार उपयोगी पडलं."

भागोजींनी ठकूला हळूच खाली ठेवलं आणि ते ओल्या वाळूत मटकन बसले. लाट आली, त्यांच्या मांडीवरून गेली. ते उठले नाहीत.

ठकूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आईचा पदर ओढून तिनं विचारलं,

"आई, आजोबांना कुणी काय केलं?"