पावणेआठचा सलाम

गारखेड्यात आमचं हिमरू शालींचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक हल्ली मेलवर येतं, आणि त्याच मेलवर कर्जवाले, लॉटरीवाले, वेबसाइट पहिल्या पानावर आणून देणारेही येतात. मार्चमध्ये या कचऱ्यात तीस शालींची एक ऑर्डर बुडाली. मी वैतागलो आणि एक अख्खी दुपार इनबॉक्स झाडायला बसलो.

झाडता झाडता कमरोद्दीन चाचांच्या मेलपर्यंत आलो. चाचा आमचे जुने विणकर. वडिलांच्या काळात ते दुकानामागच्या मागावर विणायचे. पण आधी दारात उभं राहून सलाम करायचे, वडिलांनी उलट सलाम केला की मगच धोटा हातात घ्यायचे. पुढं माग त्यांच्या खुलताबादच्या घरी गेला. नात युसरानं फोनवर मेल चालू करून दिला, तेव्हापासून रोज पावणेआठला मेल: ‘सलाम शेठ.’ बाकी कोरा. व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही, विचारलं तर म्हणाले, "तिथं यारदोस्त बोलतात. दुकानाला सलाम दुकानाच्या पत्त्यावर."

मी रोज उत्तर द्यायचो. पण आता त्याचा कंटाळा आला होता. त्या दुपारी मी त्यांच्या मेलवर स्पॅमचं बटण दाबलं. चुकून नव्हे. कोणाचा आहे हे नीट माहीत असताना दाबलं, आणि इनबॉक्स किती मोकळा झाला म्हणून स्वतःवर खूशही झालो.

एप्रिल-मेमध्ये चाचांकडून एकही शाल आली नाही. म्हातारा आळसावला, असं मी गिऱ्हाइकांना सांगत राहिलो. साधा फोन केला नाही.

जूनमध्ये त्यांची सून हसीना दुकानात आली. पिशवीत आमचं उरलेलं रेशीम होतं.

"अब्बा गेले. आठ दिवस झाले," ती म्हणाली. "हे वजन करून घ्या."

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"रोज सकाळी मागापाशी येऊन बसायचे, पण हात लावला नाय. शेठचा जवाब आल्याशिवाय कसं विणायचं, म्हणायचे. मी म्हटलं फोन लावते, तर नको म्हणाले. शेठ नाराज असतील." तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. "मेल मिळत नव्हते का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

ती गेल्यावर स्पॅमचा फोल्डर उघडला. सगळे सलाम तिथं ओळीनं होते. सगळ्यात वरचा मेल त्याच सकाळचा होता. सात पंचेचाळीस.

चाचांचा फोन कोणी वापरत असेल म्हणून हसीनाला विचारलं. तो बंद करून कपाटात ठेवलाय, ती म्हणाली. मी युसराकडून चाचांच्या खात्याचा पासवर्ड बदलून घेतला. कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं, त्याच्या मते मेल चाचांच्याच खात्यावरून येत होता. पुसला तरी दुसऱ्या दिवशी हजर. उत्तर द्यायची माझी हिंमत होईना. जिवंतपणी बंद केलं, ते आता कोणत्या तोंडानं द्यायचं?

चाचांचा चाळिसावा दिवस उलटल्यावर एका सकाळी राहवलं नाही. लिहिलं, ‘सलाम चाचा. बसा.’

आठ वाजता हसीनाचा फोन आला. "शेठ, इकडं या." तिच्या मागून ठक, ठक असा ठोका ऐकू येत होता.

तासाभरात खुलताबादला पोचलो. मागाच्या खोलीत माग नव्हता. तो विकला होता, आणि विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो खड्डा बुजवून वर फरशी घातली होती. खोली रिकामी होती.

ठोका चालू होता. सावकाश, सराईत. लहानपणापासून माझ्या ओळखीचा.

हसीना भिंतीला टेकून बसली होती. "आज सकाळी सुरू झालं. तुम्ही जवाब दिला व्हय?"

"दिला."

"म्हणजे मेल येत होते."

"येत होते," मी म्हणालो. "मीच बंद केले होते. माहीत असून. त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो."

मी तिथंच, बुजवलेल्या खड्ड्यावरच्या फरशीवर टेकलो.

"थोडं सरकून बसा, शेठ," ती हळूच म्हणाली. "तिथं त्यांचे हात येतात."