भिंतीवरचं पाणी

डुचुक... डुचुक... पाण्यानं भरलेली चामड्याची पखाल पाठीवर घेऊन माणूस चालतो, तेव्हा असा आवाज येतो. पोरांनो, नळ आल्यापासून तो कुणाच्या कानावर पडत नाही. आमच्या आळीतल्या जोतीरामनं लहानपणी तो रोज ऐकला होता, आणि पुढं मोठेपणी एकदाच. त्या एका वेळेची गोष्ट तो म्हातारपणी सांगायचा. आवाज कधी चढवायचा नाही. मुठी मात्र वळलेल्या असायच्या.

शाहू महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. राधानगरीच्या धरणाचं काम नुकतंच निघालेलं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी जोतीरामचं कसब्याचं गाव. तिथल्या शाळेच्या पोरांनी दसऱ्यासाठी चावडीची रस्त्याकडची भिंत रंगवायला घेतली. गावाचं सगळं वैभव एका भिंतीवर. गड, बाजार, घोडेस्वार, मधोमध निळंशार तळं. मास्तर म्हणाले होते, "ज्याच्या घरात गावाची जी आठवण असेल, ती त्यानं काढावी."

इलाही पखाल्यानं आपली दादी काढली. खैरुनबी. तळ्याच्या काठावर, पाठीवर पखाल घेऊन वाकलेली.

दहा वर्षांमागं प्लेगात गाव उठून माळावरच्या झोपड्यांत गेलं, तेव्हा आजाऱ्याच्या दारात सख्खा भाऊ फिरकत नव्हता. खैरुनबी जायची. नवरा आधीच गेलेला, म्हणून पखाल तिच्या पाठीवर आलेली. झोपडीबाहेर उभी राहून हाक मारायची, "कोण जित्तं हाय का रं आत? पाणी घ्या." सहा वर्षांचा जोतीराम त्या पाण्यावर जगला. गावचे पुढारी गणपतरावही जगले. ती मात्र त्याच माळावर मेली.

खंडेनवमीच्या दुपारी गणपतराव भिंत बघायला आले. बघत बघत खैरुनबीपाशी थांबले.

"ही कोण?"

"आमची दादी," इलाही म्हणाला. "तुमी वळखता की तिला."

गणपतराव मास्तरांकडं वळले. "उद्या सोनं लुटायला दहा गावची पावणं येणार. आमी चामड्यातलं पाणी प्यालो, हे त्यास्नी भिंतीवर दाखवायचं व्हय? पुसा तिला."

"पाणी पितानं चामडं दिसलं न्हाय व्हय तुमाला?" इलाहीनं विचारलं.

"घरला जा तू."

मास्तर नोकरीचा माणूस. खाली बघत राहिले. बाकीची पोरं पांगली. मग गणपतरावांनी जोतीरामला बाजूला घेतलं. "कोल्हापूरला बोर्डिंगात जायचंय न्हवं तुला? चिठ्ठी मी देणार हाय. राती तिच्यावर चुन्याचा हात मार. सकाळी ती दिसली, तर चिठ्ठी इसर."

जोतीरामच्या घरात कुणी शाळेच्या पुढं गेलं नव्हतं. ती चिठ्ठी म्हणजे एकच दार होतं.

रात्री त्यानं चुन्याची बादली उचलली. आई विठाबाई अंथरुणातनं म्हणाली, "कुटं रं?"

"मास्तरांनी बोलिवलंय."

"खैरुनबी लई झ्याक काढलीया म्हनं. सकाळी येते हात जोडाय."

तो बादली घेऊन बाहेर पडला.

चावडीच्या घंटेचे अकरा टोल पडले. नवमीचं चांदणं पश्चिमेला कललेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जोतीरामनं कंदील खाली ठेवला आणि कुंचा बुडवला. चेहऱ्यावर पहिला हात मारला. ओला चुना काही झाकत नाही, सुकल्यावरच पांढरा पडतो. चुन्याखालून खैरुनबी तशीच बघत होती. त्यानं दुसरा हात मारला. मग तिसरा. मग भिंतीकडं तोंड करून, चुना सुकायची वाट बघत तो उकिडवा बसला.

हळूहळू ती पांढरी होत गेली. आधी पदर. मग हात. शेवटी डोळे...

तेव्हा तो आवाज आला.

डुचुक... डुचुक...

माळाच्या बाजूनं. रस्त्यानं. अनवाणी पावलं. वजनाखाली दमलेली.

जोतीराम वळला नाही. मान वळेना.

आवाज त्याच्या पाठीशी येऊन थांबला.

त्याच्या घशाला कोरड पडली. अशी कोरड प्लेगाच्या तापात पडली होती. आता ती हाक मारेल, असं त्याला वाटलं. कोण जित्तं हाय का रं...

हाक आली नाही.

"आज्जी," तो म्हणाला. "पाणी..."

काही नाही.

"चुकलं आज्जी..."

नुसता श्वास. रागानं फुललेला.

मग पावलं त्याच्या शेजारून भिंतीकडं गेली. कंदील तिथंच होता, उजेड होता. दिसलं कुणी नाही. चामडं पाण्यात बुडावं तसा आवाज झाला. एकदा. दोनदा. पुष्कळ वेळा...

आणि पावलं परत निघाली. आता फार जड. माळाकडं.

सकाळी वाजंत्री आली, पाव्हणे आले, आणि भिंतीसमोर सगळे थबकले. खैरुनबी नव्हती. तळ्यातही पाण्याचा थेंब नव्हता. निळा रंग तेवढाच गेला होता. स्वारांचे घोडे कोरड्या चुन्यात तोंड घालून उभे होते.

पाव्हण्यांतलं एक म्हातारं म्हणालं, "गणपतराव, तुमच्या गावात पाणी न्हाय व्हय?"

लोक हसले. गणपतराव लाल झाले. लगोलग नीळ कालवली. मास्तरांनी तळं भरलं. सुकून पांढरं पडलं. पुन्हा भरलं. पुन्हा पांढरं. पुढं पंधरा वर्षांनी ती भिंत पावसात पडली, तोवर तिथं निळा रंग धरला नाही.

गर्दीच्या मागं इलाही उभा होता. गणपतरावांनी त्याला बोट केलं.

"ए पखाल्या, तुझा हात बरा हाय. तू भर पाणी."

इलाही पुढं आला. मास्तरांच्या हातातला निळा कुंचला त्यानं घेतला. दादीच्या जागी पडलेल्या पांढऱ्या डागाकडं तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याची नजर जोतीरामच्या हातांवर आली. नखांत चुना होता.

"इलाही, मला गणपतरावांनी..." जोतीराम म्हणू लागला.

इलाहीनं त्याचा हात धरला, तळव्यावर कुंचला ठेवला, त्याची बोटं एकेक करून मिटली. आणि वळून, गर्दीतनं वाट काढत माळाच्या रस्त्यानं चालत गेला.